दिवाळीच्या सुट्टीत सतोपंथ?

प्रश्न : आम्ही बडोद्यातील सहा जण गेली काही वर्षे एकत्र भटकंती करतो. पावागड नेहमीचाच आहे, गिरनार दोनदा झाला आणि दोन वर्षांपूर्वी हर की दूनचा ट्रेकही झाला. येत्या दिवाळीच्या सुट्टीत गढवालमधील सतोपंथ (७०७५ मीटर) सर करावे, असे आमच्यात घाटत आहे. मी शिक्षक आहे. सर्वांच्या रजा जुळवल्या तर अठरा दिवस मिळतात. आमच्यातील एकीने (वय २७) उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतून बेसिक आणि ॲडव्हान्स असे दोन्ही कोर्स केले आहेत. बाकी कोणाचेही प्रशिक्षण झालेले नाही. निम्मा खर्च आमच्यातील सर्वांत ज्येष्ठ दादा (वय ४६, मकरपुऱ्यात स्वतःचा कारखाना) उचलणार आहेत आणि नेतृत्व आपल्याकडे असावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. माझी आई या बेताला मुळीच राजी नाही. आम्ही तयारीला कोठून सुरुवात करावी?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : स. न. वि. वि.

सतोपंथ या दिवाळीत करू नये, पुढच्या दिवाळीतही करू नये, आणि तुमच्या गटाचे पहिले हिमशिखर म्हणून तर त्याचा विचारच तूर्त बाजूला ठेवावा. हे वाचून तुमचा विरस होईल, याची मला कल्पना आहे. परंतु तुमच्या पत्रात शिखर आधी ठरलेले दिसते, रजा नंतर मोजलेली दिसते, आणि मागे कधी फिरायचे व ते कोणी सांगायचे याचा उल्लेखच नाही. मोहिमेची आखणी याच्या नेमक्या उलट्या टोकाकडून करावी लागते. राखीव दिवस किती आहेत आणि ‘आता परत’ हा शब्द कोणाचा चालणार, एवढे दोन मुद्दे कागदावर आले की त्यांत कोणते शिखर बसते, याचा उलगडा होऊ लागतो.

प्रथम दिवाळीविषयी. सतोपंथची वाट गंगोत्रीहून जाते. गंगोत्रीच्या मंदिराची दारे अक्षय तृतीयेला उघडतात आणि दिवाळीच्या पाठोपाठ अन्नकूटाच्या दिवशी बंद होतात. देवीची उत्सवमूर्ती मुखबा गावी नेली जाते आणि त्यानंतर तेथील दुकाने, धर्मशाळा, खाणावळी यांची आवराआवर सुरू होते. म्हणजे तुम्ही फराळाचे डबे बांधून वर जाल, तेव्हा गाव खाली उतरत असेल. गढवालमध्ये चढाईचे हंगाम दोनच: मे ते जूनचा मध्य, आणि पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबर ते ऑक्टोबरचे पहिले काही दिवस. त्यापुढे दिवस आखूड होतो, वारा वाढतो आणि थंडी इतकी पडते की सकाळी बूट घालण्यातच एक तास जातो. सप्टेंबरचा हंगाम तसा चांगला. पण बडोदेकराला आधी गणपती आणि मग नवरात्र टाकून निघणे जमेल, यावर माझा विश्वास नाही.

या दुसऱ्या हंगामात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे ताजा बर्फ. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या ५६७० मीटर उंचीच्या शिखरावर तुमच्या मैत्रिणीच्याच संस्थेच्या ॲडव्हान्स कोर्सची तुकडी हिमप्रपातात सापडली आणि २९ जणांचा मृत्यू झाला. प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होत्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सर केली होती. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. चढणाऱ्याचे कौशल्य वाढले म्हणून उतारावरच्या बर्फाची अवस्था सुधारत नाही; ताजा बर्फ पडला की तो बसेपर्यंत तंबूत स्वस्थ थांबणे, हाच बहुतेक वेळा खरा उपाय असतो. आणि थांबण्यासाठी दिवस लागतात, जे तुमच्या अठरा दिवसांत कोठेच दिसत नाहीत.

आता सतोपंथचा हिशेब मांडून पाहा. गंगोत्री सुमारे ३१०० मीटरवर आहे. तेथून भोजबासा, गोमुख, नंदनवन असे करत वासुकी तालाजवळ, सुमारे ४९०० मीटरवर, बेस कॅम्प लागतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर हजार मीटरला एक दिवस विश्रांती घ्यावी, हा सर्वमान्य नियम पाळला, तर बेस कॅम्पवर पोहोचायलाच आठवडा हवा. त्यापुढे दोन-तीन वरचे कॅम्प, प्रत्येकासाठी सामान वर टाकून पुन्हा खाली येण्याच्या लोड फेऱ्या, आणि शेवटी जेमतेम पाऊल मावेल अशी अरुंद हिमधार. १९४७ मध्ये स्विस गिर्यारोहकांनी हे शिखर प्रथम सर केले, तेव्हापासून आजवर साधने कितीतरी हलकी झाली. पण शरीराला विरळ हवेची सवय होण्यास लागणारा काळ तेवढाच राहिला. या मोहिमेला साधारण महिना लागतो. बडोद्याहून जाण्यायेण्याचे चार-पाच दिवस वजा केले तर तुमच्याकडे जेमतेम दोन आठवडे उरतात.

‘आम्ही गिरनार एका दमात चढतो’ असे तुमच्या पत्रात नसले तरी ते कोणाच्या तरी मनात असणारच, म्हणून सांगतो. दत्ताच्या पादुकांपर्यंतच्या दहा हजारांच्या घरातील पायऱ्या चढणे ही दमसासाची उत्तम कसोटी आहे. परंतु गिरनारचा सर्वांत उंच माथाही सुमारे अकराशे मीटरचा आहे, आणि विरळ हवेचा त्रास दमसास पाहून होत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, सात हजारांवर तो चाळीस टक्क्यांच्या थोडा वर उरतो. धडधाकट माणूस उलट वेगाने चढतो आणि म्हणूनच कित्येकदा आधी आजारी पडतो. डोके दुखणे, मळमळणे, जेवण नकोसे होणे, इथवर थांबून पाहता येते. त्या अवस्थेत आणखी वर मात्र जायचे नसते. बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला सुटला, ओठ निळसर दिसू लागले, तर फुफ्फुसात पाणी होत आहे असे धरून चालावे. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगितल्यावर माणूस लडखडला, तर मेंदूला सूज येत आहे असे समजावे. या दोन्ही स्थितींत रात्र असो वा पाऊस, त्याला खाली उतरवणे हाच उपचार. प्राणवायू आणि औषधे ही उतरवण्यासाठी वेळ मिळवून देतात, उतरवण्याची जागा घेत नाहीत. डायमॉक्सची गोळी विरळ हवेच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून घेता येते. पण ज्यांना सल्फा औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी, आणि खरे तर सर्वांनीच, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि घरी असतानाच एकदा घेऊन पाहावी, म्हणजे बोटांना मुंग्या येतात त्या कशाने, हे वर गेल्यावर विचारावे लागणार नाही.

मग करावे काय? माझी सूचना कालानाग या शिखराची आहे. उंची ६३८७ मीटर; बंदरपूंछच्या रांगेत. जॅक गिब्सन या शिक्षकाच्या पुढाकाराने १९५५ मध्ये त्याची पहिली चढाई झाली, ही गोष्ट तुम्हाला शिक्षक म्हणून आवडेल. वाट सांकरी, तालुका, ओसला अशी जाते, म्हणजे हर की दूनला जाताना तुम्ही ती अर्धी पाहिलेलीच आहे. पुढे ती रुइनसारा खोऱ्याकडे वळते. रुइनसारा ताल सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, तेथे एक संपूर्ण दिवस विश्रांती घ्या. त्यानंतर क्यारकोटीचा बेस कॅम्प आणि वरचे कॅम्प. शिखर सोपे नाही: हिमनदीवर भेगा आहेत आणि शेवटचा चढ दोर लावून चढावा लागतो. परंतु त्याला लागणारे कौशल्य वर्षभरात मिळवता येण्याजोगे आहे.

बडोदे ते बडोदे या मोहिमेचे वीस दिवस धरा आणि त्यांत चार राखीव दिवस मिळवा. हे चार दिवस ‘उरले तर मसुरी पाहू’ अशा बेताने धरू नका. ते हवामानाचे आहेत, ते वापरले जाणारच असे समजून परतीची तिकिटे काढा. चोवीस दिवस तुमच्या शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत बसतात. ज्याला तेवढी रजा मिळत नाही, त्याने या मोहिमेत येऊ नये. कारण ‘मला सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे’ हे वाक्य समिट कॅम्पवर, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या मुक्कामावर, कोणी उच्चारले की पुढचे निर्णय हवामान पाहून होत नाहीत. सर्वांनाच अठरा दिवस मिळत असतील, तर मनालीजवळचे फ्रेंडशिप पीक, ५२८९ मीटर, निवडा. त्यात काही कमीपणा नाही. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली बांधायचे धातूचे काटे, घालून चालणे तेथेही शिकता येते.

मात्र हा मे महिना शिखरासाठी वापरू नका, कोर्ससाठी वापरा. तुमच्या गटात बर्फावरील दोरकाम एकाच व्यक्तीला येते. ही व्यक्ती स्वतःच हिमभेगेत पडली, तर तिला बाहेर कोण काढणार? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत हिमनदीवर पाऊल टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान आणखी दोघांनी बेसिक कोर्स करावा. उत्तरकाशीच्या संस्थेत जागा लवकर भरतात, तेव्हा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी संस्थेकडे आणि दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटकडेही अर्ज करून ठेवा. कोर्स जवळपास चार आठवड्यांचा असतो. त्याआधी दोराची ओळख करून घ्यायची असेल, तर माउंट अबूला गुजरात शासनाची स्वामी विवेकानंद पर्वतारोहण संस्था आहेच.

आता नेतृत्वाविषयी, कारण तुमच्या पत्राचा खरा काटा तेथेच आहे. बेस कॅम्पच्या वर नेतृत्व तुमच्या सत्तावीस वर्षांच्या मैत्रिणीचेच असले पाहिजे. याला दुसरा पर्याय मला दिसत नाही. वयाचा मान, पैशाचा मान आणि दोरावरचा अधिकार या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. स्वतःच्या कारखान्यातही चालू मशीनवर मालक हात घालत नाही, तेथे कारागिराचे ऐकतो. दादांना हे माझ्यापेक्षा चांगले कळत असेल. त्यांच्याकडे परवानग्या, हिशेब, वाहतूक, एजन्सीशी बोलणी ही कामे द्या, आणि ती खरोखर त्यांच्यावर सोडा. केवळ समजूत घालण्यासाठी दिलेले पद शहाण्या माणसाला लगेच ओळखू येते. हे बोलणे सगळ्यांच्या बैठकीत काढू नका. तुम्ही एकट्याने त्यांच्या घरी जाऊन, वर्गणी गोळा होण्याच्या आधी बोला. एकदा त्यांचे पैसे भरले गेले की हाच विषय उपकाराचा आणि अपमानाचा होऊन बसेल.

आणि जे ठरेल ते लिहून त्यावर सहाही जणांच्या सह्या घ्या. त्यात मागे फिरण्याची वेळ घड्याळाच्या काट्यात लिहिलेली असावी. शिखराकडे रात्री एक-दोनच्या सुमारास निघतात, ते केवळ रिवाज म्हणून नव्हे. ऊन चढले की बर्फ मऊ होतो, हिमभेगांवरचे बर्फाचे पूल कमकुवत होतात आणि उतरणे धोक्याचे होते. म्हणून सकाळी अकरा, किंवा नेता ठरवेल ती त्याआधीची वेळ, झाली की जेथे असू तेथून परत. माथा समोर पन्नास मीटरवर दिसत असला तरी परत. कोणत्याही एकाने ‘मला बरे वाटत नाही’ म्हटले, तर त्याच्याबरोबर किमान एक जाणता माणूस खाली जाईल आणि त्यामुळे इतरांचे शिखर हुकले तरी त्याला पुढे कोणी टोमणा मारणार नाही, हेही लिहा. टोमण्यांना भिऊन डोकेदुखी लपवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दादांच्या रक्तदाबाबद्दल मी निर्णय देऊ शकत नाही. रक्तदाब नियंत्रणात असलेली माणसे उंचीवर जातात. परंतु गोळी कोणत्या प्रकारची आहे, यावर बरेच अवलंबून असते. काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, काही शरीरातील पाणी कमी करतात, आणि उंचीवर या दोन्हींचा परिणाम वेगळा जाणवतो. त्यांनी स्ट्रेस टेस्ट करून, हृदयरोगतज्ज्ञांना ‘सहा हजार मीटर, तीन आठवडे’ असे नेमक्या शब्दांत सांगून सल्ला घ्यावा. ‘जरा हिमालयात जाऊन येतो’ असे सांगितले की डॉक्टरही ‘जाऊन या’ म्हणतात.

सरावासाठी पावागडसारखी जागा तुमच्या दारात आहे. उन्हाळ्यात पहाटे चारला चांपानेरहून सुरुवात करा, माचीपर्यंत गाडीने जाऊ नका आणि उतरताना रोपवेत बसू नका, कारण मोहिमेत गुडघे उतारावरच बोलू लागतात. पाठीवर आठ किलोंपासून सुरुवात करून तीन-चार महिन्यांत पंधरा किलोंपर्यंत या. आठवड्यातील इतर दिवशी कमाटीबागेत धावणे किंवा एखाद्या उंच इमारतीचा जिना पुरेसा आहे. याहून अधिक महत्त्वाचा सराव हातांचा आहे. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, आठाची गाठ बांधा. हार्नेसचे, म्हणजे दोर जोडायच्या कमरेच्या पट्ट्याचे, बक्कल लावा. कॅराबिनर, म्हणजे दोराची धातूची कडी, उघडून दोर अडकवा. क्रॅम्पॉनचा पट्टा ओढा. घरात पंख्याखाली दोन मिनिटांत होणारे हे काम वर उणे पंधरा अंशांत, बॅटरीच्या उजेडात करायचे असते, आणि त्यासाठी हातमोजा काढावा लागणे म्हणजे बोटे गमावण्याची सुरुवात असते. बूट भाड्याने घेणार असाल तर दोन मोज्यांसह पायात घालून, भाड्याचेच क्रॅम्पॉन त्यांवर बसवून पाहिल्याशिवाय दुकानातून हलू नका.

परवानगीसाठी दिल्लीच्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनशी आता, म्हणजे वर्षभर आधी, संपर्क साधा. नियम आणि शुल्क त्यांच्याकडूनच समजून घ्या, एजन्सीच्या तोंडून नव्हे. वाट गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानातून जात असल्याने वनविभागाची परवानगी वेगळी लागते. आणि एक विशेष सूचना: बडोद्यात प्रत्येकाचा कोणी ना कोणी अमेरिकेत असतो, आणि मोहीम ठरली की तो मोठ्या प्रेमाने सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र आणून देतो. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ही यंत्रे भारतात बाळगणे हा गुन्हा आहे आणि ती जवळ सापडल्याने लोकांना अटक झालेली आहे. हे यंत्र कितीही उपयोगाचे असले तरी परवानगीविना नेऊ नका.

जेवणाबाबत थोडेच सांगतो. पाच हजार मीटरवर पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, आणि त्याहून वर तुम्हाला डाळ नकोशीही वाटेल. थेपले, सुखडी, मेतकूट-भात, चिक्की, जे घरी मनापासून खाता तेच न्या. नवे पौष्टिक प्रकार तेथे चाखून पाहू नका. बर्फ वितळवून पाणी करायला गॅस फार लागतो. वरच्या कॅम्पवर दोन माणसांमागे दिवसाला अदमासे दोनशे ग्रॅम धरा. सिलिंडर रेल्वेतून नेता येत नाहीत, ते देहरादूनला घ्या.

एजन्सीला पैसे देण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारा: बरोबर येणाऱ्या हाय अल्टिट्यूड पोर्टरचा, म्हणजे वरच्या कॅम्पपर्यंत सामान वाहणाऱ्या माणसाचा, विमा किती रकमेचा आहे, आणि त्याच्या पायात कोणते बूट असतील. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी एजन्सी पाहा. तुमच्या स्वतःच्या विम्यातही ‘दोर वापरून केलेली चढाई’ आणि अमुक उंचीच्या वरचे अपघात वगळलेले असतात. ते बारीक अक्षरांतले पान आधी वाचा.

राहिली तुमची आई. त्यांना राजी करण्याच्या मागे लागू नका, कारण ‘काही होणार नाही’ एवढेच आश्वासन तुम्ही देऊ शकता आणि ते खरे नाही. त्याऐवजी वर सांगितलेला सह्यांचा कागद त्यांना वाचायला द्या. त्यांना ज्या प्रश्नांची उत्तरे हवी असतात, ती बहुधा त्यातच असतात: किती दिवस, बरोबर कोण, कोणाचे ऐकायचे, परत कधी. जोडीला एक दुसरा कागद करा. त्यावर एजन्सीचा, सांकरीतील माणसाचा आणि देहरादूनच्या हॉटेलचा फोन नंबर असावा. तालुका गावाच्या पुढे मोबाइल लागणार नाही, त्यामुळे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत फोन येणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. राखीव चार दिवस धरून शेवटची तारीख कोणती, आणि ती उलटल्यावर घरून सर्वांत आधी कोणाला फोन करायचा, हेही असावे. या कागदाची एक प्रत दादांच्या पत्नीलाही नेऊन द्या, त्यांनी मागितली नसली तरी.

आपला,
सदरलेखक